पोतं निवेना

१

छांग, म्हणजे आमची जवाची दारू, बिघडली की आधी नाकाला कळतं. आंबूस वास सगळ्याच छांगेला येतो, पण बिघडलेलीचा वास नाकात टोचतो. मग वर पांढरी साय धरते, आणि पळी उचलली की शेंबडासारखी तार सुटते. सासूबाई गेल्यापासून अकरा हिवाळे आमच्या घरची छांग मीच घालत होते आणि त्यात तीनदा सगळी फेकून द्यावी लागली होती. त्यामुळे त्या वर्षीचं मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. मग उशीर का केला, ते मात्र अजून सांगता येत नाही.

आमची चुमिक वाडी झंस्कारच्या एका बाजूच्या दरीत आहे, पाच घरांची. त्या हिवाळ्यात वाडीच्या पूजेची पाळी आमची होती. नवरा, ग्युर्मेत, कामासाठी लेहला अडकलेला. घरात आम्ही तिघं: मी, माझे सासरे अबा-ले, आणि नणंद चुस्कित. ती मला अचे, म्हणजे ताई, म्हणायची. तेवीस वर्षांची, आणि तोंड असं की गप्प बसली तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावं.

सकाळी जव उकडला, चादरीवर पसरून निववला. हाताच्या पाठीला कोमट लागला तशी फाब्सची, म्हणजे आंबवणाची, वडी कुटून वर भुरभुरली, सगळं कालवलं आणि पोत्यात भरलं.

"अचे, या वेळी जरा कडक होऊ दे," चुस्कित पोत्याचं तोंड धरून म्हणाली. "गेल्या वेळची पिऊन लामा-लेंचं पोथीचं एक पानसुद्धा चुकलं नाही. लाज वाटली मला."

"तू बांध नीट. तोंड तुझं सैल आहे तेवढं पुरे."

पोतं मी एकटीनं कवेत घेऊन चुलीमागच्या कोपऱ्यात नेलं, खांबाला टेकवलं, वर दोन घोंगड्या गुंडाळल्या. आता तीन दिवस ते आतल्या आत तापणार, गोड वास सोडणार, आणि चौथ्या दिवशी निवलं की माठात ओतून वर पाणी घालायचं. दरवर्षीचंच काम. त्याच दिवशी दुपारनंतर बर्फ पडायला लागला.

२

सहा दिवस तो थांबला नाही. तिसऱ्या दिवशी खालचं दार बाहेरून बुजलं. ढकललं तर बोटभरही हलेना. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे होतं असं. गुरं खालीच गोठ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून; त्यात आमची झोमो, याकच्या संकराची दुभती गाय. शेणी रचून ठेवलेल्या. वर जिन्यानं गेलं की न्हाणी-संडासाची खोली, आणि तिथून शिडीनं छतावर. उजेड काय तो स्वयंपाकघराच्या छतातल्या झरोक्यातून येतो, तोही दिवसातून दोनदा बर्फ झाडला तर.

चौथ्या दिवशी मी घोंगडीखाली हात घातला. पोतं गरम होतं. पाचव्या दिवशीही गरम. सहाव्या दिवशी मी पोत्याच्या तोंडाशी नाक लावलं.

वास नव्हता.

आंबूस नाही, गोड नाही, कुजका नाही. ओल्या जवाचा, पोत्याच्या तागाचा वास तरी यायला हवा होता. मला वाटलं सर्दी झाली असेल. चुलीवरच्या चहाजवळ जाऊन हुंगलं. लोणी, मीठ, धूर, सगळं आलं. परत पोत्याशी वाकले. काही नाही. कान लावला. जव आंबत असला की आत चुर्रचुर्र असा बारीक आवाज असतो, तोही नव्हता. पण गालाला ऊब अशी छान लागली की मी लगेच उठले नाही.

"काय म्हणतंय?" चुस्कितनं विचारलं.

"काही म्हणत नाहीये."

"मग माझ्यावर गेलेलं नाही."

३

सातव्या दिवशी आभाळ उघडलं. मी छतावरचा बर्फ ओढायला गेले, तर पलीकडच्या छतावर अमा यांगडोल फावडं घेऊन उभी. साठीची बाई, वाडीत तिच्या हातची छांग सगळ्यांत जुनी. मधल्या गल्लीत दोन पुरुष बुडतील एवढा बर्फ, त्यामुळे बोलणं ओरडूनच.

"अमा-ले! सात दिवस झाले, पोतं निवेना!"

"वास कसा आहे?"

"वासच नाही!"

तिनं फावडं बर्फात रोवलं. "उघडून बघितलंस?"

"नाही!"

"मग बघ की! दोरी तुझीच आहे ना?" मग म्हणाली, "गरम आहे म्हणजे जिवंत आहे. लगेच फेकू नको. जव कुठून आणशील परत?"

ते खरं होतं. कोठीत आता खायच्या सातूपुरताच जव उरला होता. हा घाणा फेकला तर पूजेला वाडीपुढे मी काय ठेवणार होते? मी स्वतःला म्हटलं, उद्या उघडू. खाली आले तर अबा-ले पोत्याला पाठ टेकून बसले होते.

म्हाताऱ्या माणसानं हिवाळ्यात उबेला बसावं यात नवल नाही. नवल एवढंच वाटलं की अंगावरचा लोकरी गोंचा त्यांनी काढून नीट घडी घालून बाजूला ठेवला होता.

"अबा-ले, गारठाल."

"नाही गं सूनबाई," ते हसून म्हणाले. "कित्येक वर्षांत अशी पाठ शेकली नाही."

चहाचा पेला देताना त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली. नदीतला धोंडा उचलावा तशी गार होती ती.

४

मी "उद्या" म्हटलं होतं. उद्या आला तेव्हा चुस्कितही त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती. हातात लोकर कातायची चाती, पण चाती फिरत नव्हती.

"चुस्कित, झोमोला पाणी दाखवायचंय."

"हो, उठते."

"चुस्कित."

"हो अचे, उठते ना."

आवाजात कंटाळा नव्हता, चेष्टा नव्हती. मला तेच खटकलं. ही पोरगी कामाला उठताना मला दोन टोमणे मारल्याशिवाय उठली नव्हती कधी. मी पोतं उघडायचं ठरवलं. दोरीची गाठ घोंगडीच्या आत, खांबाच्या बाजूला गेली होती. तिथवर हात पोचवायला मला गुडघे टेकून, खांद्यानं पोत्याला रेटून बसावं लागलं.

खांदा टेकला. मग पाठ. मला आठवतं, मी एवढंच मनात म्हटलं होतं की हात जरा गरम झाले की गाठ सुटेल.

झोमो हंबरत होती. बराच वेळ हंबरत असावी, कारण तिचा आवाज बसला होता. गोठ्याच्या भिंतीवर ती शिंगं आपटत होती, धप, धप. मला त्या आवाजाचा राग आला. झोपलेल्या घरात कुणी भांडी वाजवावीत तसा. मी डोळे उघडून झरोक्याकडे पाहिलं. मी बसले तेव्हा उन्हाचा चौकोन चुलीवर होता. आता तो समोरच्या भिंतीवर, ताटांच्या फळीवर चढला होता. म्हणजे सकाळ जाऊन दुपारही टळली होती.

चूल विझली होती. राखेत निखारा नव्हता. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी गोठलं होतं, आणि हंडा माझ्यापासून दोन हातांवर होता.

मला थंडी वाजत नव्हती. तिघांनाही नव्हती. अबा-लेंच्या मिशीवर बर्फ धरला होता आणि ते हसत होते.

५

उठताना काय कष्ट पडले ते सांगत नाही. झोमो ओरडत राहिली म्हणून उठले. पोत्यापासून पाठ सुटली आणि थंडीनं मला असं धरलं की दातावर दात राहीनात. बोटांची नखं निळी पडली होती. चूल पेटवायला मला किती काड्या लागल्या असतील. काडी धरलेली बोटं दिसायची पण जाणवायची नाहीत.

पेटल्यावर मी विचार करायला लागले. पोतं गरम, मग शेजारचं पाणी गोठलं कसं? घोंगड्या ऊब आत धरून ठेवतात, बाहेर येऊ देत नाहीत, हे एक. आमची झोप नीट नाही, आम्ही दमलेले, चुलीचा धूर कोंडला असेल, त्यानं गुंगी आली असेल, हे दुसरं. दोन्ही पटण्यासारखं होतं. मग मी एका वाटीत बर्फ वितळवलेलं पाणी घेतलं, घोंगडी उचलली, आणि पोत्याच्या अगदी अंगाला, अबा-लेंच्या खांद्याशेजारी ती वाटी खोचून ठेवली. वर घोंगडी ओढली. तशीच दुसरी वाटी जिन्याच्या दाराशी ठेवली, जिथून सगळ्यांत जास्त वारा येतो.

जपमाळेचे शंभर मणी ओढले आणि दोन्ही वाट्या पाहिल्या.

दारातल्या वाटीत पाणी होतं. घोंगडीखालच्या वाटीत तळापर्यंत बर्फ. मी ती उलटी केली, टिचकी मारली, थेंब पडला नाही. आणि ज्या हातानं ती काढली त्या हाताला पोतं ऊबदार लागत होतं. भाकरीवर हात ठेवावा इतकं.

त्यानंतर माझ्याकडे विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

६

"चुस्कित, ऊठ. हे फेकायचंय."

तिनं मान वळवली. "आत्ता? एवढ्या थंडीत?"

"जव बिघडलाय."

"हळू बोल ना अचे."

मी पोत्याला हात घातला. जे मी एकटीनं उचलून इथं ठेवलं होतं, ते जागचं हललं नाही. ओला जव पाणी धरून जड होतो, हे मला माहीत होतं, पण घरात पाणी होतं कुठे त्याला प्यायला? मग मी चुस्कितला काखेत धरून ओढलं. ती जिथं टेकली होती तिथं तिचा सदरा पोत्याला चिकटला होता. चर्र करून सुटला. ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, ओठ बाहेर काढून. तिला मी चुलीसमोर आणून बसवलं. अबा-ले मात्र माझ्यानं हलले नाहीत.

"अबा-ले, पाया पडते तुमच्या. उठा."

"तू कर तुझं काम," ते शांतपणे म्हणाले. "फक्त जिन्याचं दार लावून घे. वारा लागेल."

"कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

मी सुरी घेऊन गाठ कापली आणि तोंड उघडलं. जवावर बुरशी होती. पांढरी, केसाएवढी बारीक आणि वीतभर लांब. बुरशी मी पुष्कळ पाहिलीये, ती कापसासारखी, वाटेल तशी वाढते. ही तशी नव्हती. सगळे तंतू एकाच बाजूला वळलेले, नीट, भांग पाडून विंचरावेत तसे.

दार बंद, खिडक्या नाहीत, आणि झरोक्यातून किंवा छताच्या शिडीनं एवढं वजन चढवणं शक्य नाही. एकच जागा होती: वरच्या संडासाच्या खोलीतलं भोक. खाली खताची कोठडी, वसंतात शेतावर न्यायचा माल. मी पाठीवरची टोपली घेतली आणि ताटलीनं जव उपसायला लागले.

७

पहिली टोपली नेली, ओतली. जव खाली पडल्याचा आवाज आला, भिजलेल्या मातीसारखा. दुसरी नेली. प्रत्येक खेपेला खाली आले की चुस्कित चुलीसमोर थरथरत होती, आणि तिचं थरथरणं पाहून मला बरं वाटत होतं. अबा-ले पोत्याला टेकून डोळे मिटून बसलेले.

तिसऱ्या टोपलीला ताटली आत घातली तेव्हा जव हाताला लागला नाही. ताटली पोकळीत गेली. मी कोपरापर्यंत हात घातला होता, तो तसाच ठेवला. आत मोकळी हवा होती, आणि ती उबदार होती, आणि ती एकदा माझ्या मनगटावर येऊन परत आत गेली.

मी हात काढला. काठाकाठाचा जव घेऊन टोपली कशीबशी भरली, आणि पोत्याचं तोंड तसंच उघडं टाकून वर पळाले. बांधायला हवं होतं, पण माझ्यानं बांधवलं नाही.

वर मी टोपली ओतत होते तेव्हा खालून अबा-लेंचा आवाज ऐकू आला. पाहुणा निघायला लागला की ते ज्या आवाजात आग्रह करायचे, त्याच आवाजात ते म्हणाले,

"बसा ना अजून थोडं."

मग जिन्याची खालची पायरी वाजली. एकच. ती पायरी सैल आहे, माणूस चढला तरच वाजते. मी भोकाशी टोपली धरून उभी. दुसरी पायरी वाजते का ते मी ऐकत राहिले. वाजली नाही. मी हाक मारली, "चुस्कित?"

"अचे," ती खालून म्हणाली, आणि आवाज चुलीजवळूनच आला. "अचे, खाली ये ना. लवकर ये."

खाली आले. जिन्यात कुणी नव्हतं. पोतं बसकं झालं होतं आणि अबा-ले त्याच्यावर कलंडून कापत होते. "सूनबाई, थंडी," ते म्हणाले. "किती थंडी." त्यांचे दात वाजत होते. मी त्यांना ओढून चुलीशी आणलं, गोंचा घातला, अंथरुणातल्या गोधड्या घातल्या. मग पोत्यात डोकावले. बघणं भाग होतं.

झरोक्याचा उजेड थेट आत पडला होता. उरलेला जव कडेनं घट्ट बसला होता आणि मधोमध पोकळी होती. गुडघे छातीशी घेऊन बसलं तर माणूस मावेल एवढी. तळाशी बैठकीचे दोन खड्डे. एका बाजूला आतून पाठ टेकल्याचा गुळगुळीत खोलगट भाग, बरोबर तिथं, जिथं बाहेरून अबा-ले टेकत होते. सगळीकडे तेच पांढरं विंचरलेलं मऊ अस्तर. आणि आत कुणी नव्हतं.

मी पोतं भोवतीच्या घोंगड्यांसकट वर नेऊन भोकात टाकलं. आता ते मला एकटीला सहज उचलता आलं.

८

बर्फ आणखी नऊ दिवस हटला नाही. आमच्या घरातून बाहेर जायला वाट नव्हती. आम्हाला नव्हती, म्हणजे कुणालाच नव्हती.

ते नऊ दिवस आम्ही कसे काढले ते चुस्कित आणि मी एकमेकींशी कधी बोललो नाही. आम्ही तिघं चुलीभोवती बसायचो, एकमेकांना खेटायचो नाही, भिंतीला टेकायचो नाही. तोंडं शेकायची आणि पाठी गारठायच्या, आणि अधूनमधून कुणीतरी हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपून बघायचं. गार असली की हात परत मांडीवर. मग दुसऱ्यानं बघायचं. अबा-लेंच्या डाव्या हाताची तीन बोटं काळी पडली. पाठीवर ताटाएवढा डाग उठला, तो शेवटपर्यंत गेला नाही. ते त्यानंतर चार वर्षं जगले. आम्ही त्यांना थंडीतून वाचवलं असं वाडी म्हणायची. ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. हिवाळ्यात एकटे असले की जरा हिरमुसल्यासारखे दिसायचे.

दार मोकळं झालं त्या सकाळी मी ते सताड उघडून ठेवलं, दिवसभर. अमा यांगडोल फावडं घेऊन आली, म्हणाली, "काय गं, घर निववतेस का?" मी म्हटलं, छांग बिघडली. पूजेला तिनंच आपल्या घरची दिली. ग्युर्मेत एप्रिलमध्ये परतला, त्यालाही मी एवढंच सांगितलं, घाणा बिघडला, फेकला. त्यानं शेतात खत नेलं. मी त्या दिवशी गेले नाही. त्या वर्षी जव बरा आला.

छांग मी नंतरही घातली, माणसांना लागतेच. चांगली झाली.

चुस्कितचं लग्न लेहमध्ये झालं. सिमेंटचं घर आहे, मोठी काचेची खिडकी आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. भर दुपार, बाहेर स्वच्छ ऊन, समोर गॅसचा हीटर. दोघी चटईवर चहा घेत बसलो होतो, पाठीमागे नुसती खोली. तिच्या जावेची काहीतरी गंमत ती सांगत होती, आणि मी हसत होते. हसता हसता पाठीला ऊब लागली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कुणी पाठीला पाठ लावून बसावं तशी. फार बरं वाटलं.

मी मागे पाहिलं नाही. पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "चल, निघते मी."

वर पाहिलं. चुस्कित केव्हाच उठून दाराशी गेली होती. पायात बूट नाहीत, अंगावर शाल नाही, हात कडीवर. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ती माझ्याकडे बघत होती.

"अचे," ती म्हणाली, "तुला पण?"